किल्ली पुसू का?

आमच्या संकुलाचं फाटक पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा माझा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. दुसऱ्यांदा ते माझ्या हातून बंद पडलं, आणि तेही सगळ्या महिला मंडळाच्या देखत. लोक आता फक्त दुसरी वेळ सांगतात. म्हणून मी पहिल्यापासून सांगतो.

दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात, आमच्या भागात दहा माणसं गोळा केली तर त्यात सहा इंजिनिअर आणि दोन निवृत्त इंजिनिअर निघतात. साहजिकच आमच्याकडे काहीही साध्या किल्लीने उघडत नाही. गाड्यांचं फाटक, लिफ्ट, पार्सलची खोली, सगळ्याला कार्ड लागतं. कार्ड दाखवलं की तळघरातल्या कार्यालयातलं यंत्र खात्री करतं, की हा आपलाच माणूस. ही खात्री करायला त्या यंत्राच्या पोटात एक किल्ली असते. किल्ली म्हणजे लोखंडी नव्हे, नुसते आकडे, भलेमोठे. आणि ती किल्ली खरी आहे असा एक दाखला असतो, तो दर वर्षी नोव्हेंबरात वाढवून घ्यावा लागतो. आमच्या घरगुती गॅसची तपासणी असते तसंच.

हे काम आमचे व्यवस्थापक बोंग साहेब करत. संगणकाच्या काळ्या खिडकीत एक लांबलचक कमांड टंकायची. तिच्यात आडव्या रेघा आणि सुटी इंग्रजी अक्षरं अशी काही दाटीवाटीने बसवलेली होती, की पाहणाऱ्याला वाटावं कीबोर्डवरून मांजर गेलं. शेपटाला लहान एन लिहिला तर दाखला वाढायचा. मोठा एन लिहिला तर यंत्र जुनी किल्ली पुसून नवी बनवायचं. एकाच अक्षराच्या लहानमोठेपणावर सहाशे घरांची लिफ्ट टांगलेली होती.

मागच्या नोव्हेंबरात बोंग साहेबांच्या हातून मोठा एन गेला. यंत्राने रीतसर विचारलं, ‘विद्यमान किल्ली न राखण्याचा पर्याय स्वीकारून पुढे जायचं का? हो / नाही.’ बोंग साहेब सैन्यात हवालदार होते. ते हो म्हणाले. झालं. एका क्षणात सगळ्यांची कार्डं मेली. लोक हातात भाज्यांच्या पिशव्या घेऊन थंडीत आपल्याच दारात परके होऊन उभे राहिले. नवी कार्डं घरोघर पोचायला चांद्र नववर्ष उजाडलं.

त्यानंतरच्या रहिवासी समितीच्या बैठकीत बोंग साहेबांना काढायची गोष्ट निघाली. त्यांचा करार वर्षाअखेर संपत होताच. मी बैठकीला जातो तो तांदळाच्या केकसाठी, बोलायला नव्हे. पण बोंग साहेब टोपी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले होते आणि कोणी त्यांना केक दिला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, “चूक बोंग साहेबांची नाही. चूक त्या प्रश्नाची आहे. असा प्रश्न मला विचारला असता तर मीही गोंधळलो असतो.”

अध्यक्ष प्योन साहेब निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “सोक साहेब, तुम्ही काय करता?”

“संगणकांच्या सुरक्षिततेचं काम करतो. किल्ल्या, दाखले, असंच.”

“मग तुम्हीच बरा प्रश्न लिहून आणा.”

मी महिनाभरात आणतो म्हणालो. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती मुळा चिरत होती. तिने सुरी थांबवली नाही. आमच्या लेकीच्या नावाने मला हाक मारून ती म्हणाली,

“सोलचे बाबा, उन्हाळ्यात तुम्ही पंख्याची जाळी पुसायला घेतली होती. ती अजून बाल्कनीत आहे. फक्त आठवण केली.”

मी जाळीकडे दुर्लक्ष करून कामाला लागलो. रविवारचा सगळा वेळ त्यात घातला आणि खरं सांगतो, जे उभं राहिलं ते सुबक होतं. सुट्या अक्षरांचा काला नाही, चार सरळ कमांडी: ‘किल्ली बनव’, ‘दाखला वाढव’, ‘प्रत ठेव’, ‘यादी दाखव’. प्रश्नही नेमके आणि तोकडे. मी बायकोला खुर्चीवर बसवलं आणि मागे हात बांधून उभा राहिलो. चित्रकार चित्रावरचा पडदा बाजूला करताना उभा राहतो तसा.

तिने वाचलं, “‘सार्वजनिक किल्ली काढू का?’ काढू म्हणजे? बाहेर काढू की काढून टाकू?”

“अर्थातच बाहेर काढू.”

“अर्थातच असं कुठे लिहिलंय?”

“ते संदर्भावरून कळतं.”

“बोंग साहेबांनाही संदर्भावरूनच कळलं होतं,” असं म्हणून ती उठली. दारातून वळून म्हणाली, “आणि चुकलं की हा संगणक नुसता ‘त्रुटी’ म्हणून ओरडतो. माणूस आधीच घाबरलेला असतो हो. चुकलं तरी काही बिघडलं नाही, सावकाश लिहा, असं म्हणायला काय जातं त्याचं?”

वीस वर्षांच्या अनुभवात मला असं कोणी बोललं नव्हतं. मी दोन दिवस तिच्याशी मोजकंच बोललो, आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही गोष्टी गुपचूप बदलल्या.

मग मी ते कार्यालयात बोंग साहेबांपुढे ठेवलं. यंत्रासमोर बसायचं म्हणून त्यांनी आधी कोट चढवला. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते पडद्याकडे बघत राहिले.

“टंका ना, साहेब.”

“सोक साहेब, यातलं सर्वांत निरुपद्रवी काय आहे?”

“‘प्रत ठेव’. त्याने किल्लीची एक जादा प्रत पेटीत बंद करून ठेवली जाते. काहीच बिघडत नाही.”

“मग मी तेच करतो,” बोंग साहेब म्हणाले. त्यांनी ते केलं, पडद्यावर ‘प्रत ठेवली, बाकी काहीही बदललेलं नाही’ असं आलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पोहता न येणाऱ्या माणसाचा पाय तळाला लागावा तसा आनंद दिसला. लगेच त्यांनी आणखी एक प्रत ठेवली.

नेमक्या त्या वेळी महिला मंडळाच्या अध्यक्षा गुक बाई पार्सल शोधत आत आल्या. त्यांची उंची बेताची आहे, पण आवाज चौदाव्या मजल्यापर्यंत जातो. त्यांनी पडद्यावरचे दोनच शब्द वाचले: सार्वजनिक किल्ली. आकड्यांच्या किल्ल्यांची जोडी असते, त्यातली जी जगाला दाखवून चालते तिला आम्ही असं म्हणतो. संध्याकाळपर्यंत संकुलभर झालं की समिती एक अशी किल्ली बनवतेय, जिने कोणाचंही घर उघडेल, आणि ती खाली खिळ्याला टांगून ठेवणार आहेत. कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला त्या आठवड्यात जेवायला फुरसत मिळाली नाही. शेवटी बोंग साहेबांनी घरोघरच्या कर्ण्यांवरून निवेदन केलं, “रहिवाशांनी घाबरू नये. सार्वजनिक किल्ली सार्वजनिक नाही.” त्यानंतर तर ज्यांना काही माहीत नव्हतं तेही खाली उतरले.

कोणीतरी प्रभाग कार्यालयात तक्रार केली. तिथून एक तरुण अधिकारी आला. त्याने बूट काढून नीट जुळवून ठेवले आणि म्हणाला, “किल्ली दाखवा.”

मी पडद्यावरचे आकडे दाखवले.

“नग किती?”

“एक जोडी.”

“म्हणजे एक हरवली तर दुसरी चालते.”

“नाही. दोन्ही वेगळ्या आहेत. एकीने लावलेलं दुसरीनेच उघडतं.”

“मग तिला जोडी कसं म्हणता?”

“जोडपं म्हणा हवं तर,” मी वैतागून म्हणालो. त्याने ते गंभीरपणे ऐकून घेतलं. अडचण अशी झाली, की कुलपाशिवाय किल्लीची नोंद होत नव्हती, कुलूप दाखवलं तर अग्निशमनवाल्यांची परवानगी लागत होती, आणि अग्निशमनवाले फोनवर म्हणाले, की जे जळत नाही आणि दारही अडवत नाही ते आमच्याकडे आणू नका. अधिकारी भला होता. तक्रार निकालात काढायची तर हा उपक्रम कुठेतरी बसवणं भाग होतं. बराच विचार करून त्याने तो ज्येष्ठांच्या छंदवर्गात बसवला. सुलेखन आणि कागदकामाच्या खाली. छंदवर्ग म्हटल्यावर गुरुवारी दुपारी सभागृह मिळणार, थंडीत जमीन खालून तापवून गरम ठेवणार आणि सातूचा चहा फुकट.

पुढच्या गुरुवारी सभागृह भरलं. मी आयुष्यात ज्या परिषदांना भाषणं दिली तिथे एवढी माणसं कधी आली नव्हती. ती माझ्यासाठी आली नव्हती, गरम जमिनीसाठी आली होती, हे मला माहीत आहे. पण एकदा बसल्यावर ती गप्प बसेनात. मी पडद्यावर यादी काढली. पहिलीच ओळ आली, ‘म्योंग, पाचवा मजला: मुदत संपली. काढून टाकू का?’

म्योंग आजोबांनी नव्वदी गाठली आहे. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि शेजाऱ्याला विचारलं, “माझी सून यांना काही बोलली का?”

मी समजावून सांगितलं की मुदत कार्डाची संपली, आजोबांची नाही. “मग तसं लिहा ना,” गुक बाई म्हणाल्या. “माणसाच्या नावापुढे मुदत लिहायची नसते. इथे निम्म्या लोकांना रक्तदाब आहे.” मी लिहिलं. तिथून जी सुरुवात झाली ती उन्हाळाभर थांबली नाही. प्योन साहेब दर गुरुवारी लाल पेन घेऊन येऊ लागले. हो-नाही त्यांना मुळीच मान्य नव्हतं.

“परीक्षेत हो की नाही विचारलं की मुलं छापा-काटा करतात. उत्तर पूर्ण शब्दांत लिहायला लावा. हात लिहितो तेवढा वेळ डोकं विचार करतं.”

“साहेब, जगभर हो-नाहीच विचारतात.”

“जगभर मी मुख्याध्यापक नव्हतो.”

गुक बाईंचं म्हणणं निराळंच. “पुसायच्या आधी काय काय बिघडेल ते सांगा. आणि पुसलेलं लगेच फेकू नका. माझी सासू फुटकी बरणीसुद्धा महिनाभर माळ्यावर ठेवायची. आणि त्या पेटीतून प्रत बाहेर काढायला परवलीचा शब्द लागतो ना, तो मी ठेवते. तुम्हा पुरुषांना तो एकमेकांना सांगितल्याशिवाय राहवणार नाही.”

अशा रीतीने माझी सुबक, तोकडी कमांड दर आठवड्याला अंगाने भरत गेली. जिथे मी ‘पुसू का?’ एवढंच विचारत होतो, तिथे आता यंत्र म्हणू लागलं, ‘ही किल्ली पुसली तर सहाशे घरांची कार्डं बंद पडतील आणि फाटक उघडणार नाही. तरीही पुसायची असेल तर “सहाशे घरं बंद करा” असं लिहा. विचार बदलला असेल तर काहीच लिहू नका.’ कंपनीत एका तरुण सहकाऱ्याला मी हे दाखवलं. तो म्हणाला, “सर, हे यंत्र आहे की मावशी?” मी हसलो, पण ते मला लागलं.

एवढं करूनही समितीची मंजुरी काही मिळेना. ‘वाढव’ म्हणावं की ‘वाढवा’, यावर प्योन साहेबांचं समाधान होत नव्हतं. यंत्राला अरेतुरे करावं का, हा त्यांच्या मते साधा प्रश्न नव्हता. तोवर नोव्हेंबर आला. दाखला वाढवायचा दिवस आणि महिला मंडळाचा किमचीचा, म्हणजे हिवाळ्यासाठी कोबीचं तिखट लोणचं घालायचा दिवस एकच निघाला. त्या दिवशी सकाळीच समितीला दोन गोष्टी ठरवायच्या होत्या: माझी कमांड घ्यायची का, आणि बोंग साहेबांना ठेवायचं का. दुसरी पहिलीवर अवलंबून होती, हे न बोलता सगळ्यांना कळत होतं. बोंग साहेबांनी नवा शर्ट घातला होता. त्याच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या.

कार्यालयात मी पडदा लावला. समोर समिती आणि खुर्चीवर म्योंग आजोबा, मागे ॲप्रन बांधलेल्या आणि कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवलेल्या बायका. त्या कोबीचा ट्रक यायची वाट बघत होत्या. आमची ही दारापाशीच उभी होती. नवी कमांड किती चांगली हे पटवायला आधी जुनी किती वाईट ते दाखवावं, असं मी ठरवलं होतं. ही कल्पना माझी स्वतःची होती. कोणीही सुचवलेली नव्हती.

“आता मी मुद्दाम बोंग साहेबांचीच चूक करतो,” असं म्हणून मी जुनी कमांड टंकली. मोठा एन. यंत्राने प्रश्न विचारला. मी लोकांकडे तोंड केलं. “बघा. इथे कोणताही साधा माणूस हो म्हणतो आणि सगळं पुसलं जातं. मी मात्र म्हणतो, नाही.” आणि न बघता मी नाही दाबलं.

प्रश्न मी वाचला नाही. मला तो पाठ होता. पण मागच्या गोंधळानंतर यंत्र बसवणाऱ्या कंत्राटदाराने जाता जाता त्यात सुधारणा करून ठेवली होती, ‘न राखण्याचा’मधला ‘न’ काढून टाकला होता. आता यंत्र विचारत होतं, ‘विद्यमान किल्ली राखण्याचा पर्याय स्वीकारून पुढे जायचं का?’ आणि मी सगळ्यांच्या साक्षीने ठणकावून नाही म्हणालो होतो.

पार्सलच्या खोलीचं कुलूप खट्ट वाजलं. लिफ्ट मधेच कुठेतरी थांबल्याचा आवाज आला. बाहेर हॉर्न वाजू लागला. कोबीचा ट्रक आला होता आणि फाटक हलत नव्हतं.

“हाताने उघडायचा दांडा आहे ना?” प्योन साहेबांनी विचारलं.

“आहे,” बोंग साहेब म्हणाले. “त्याच्या खोलीला कार्ड लागतं.”

मी पडद्याकडे बघत होतो. कान गरम झाले होते. गुक बाईंनी मात्र क्षणही दवडला नाही. त्यांनी अर्ध्या बायकांना फाटकापाशी रांगेत उभं केलं आणि मिठात मुरवून आणलेला कोबी फाटकाच्या आडव्या दांडीखालून हातोहात आत येऊ लागला.

“सोक साहेब,” बोंग साहेब हळूच म्हणाले, “नवीन कमांडने होईल का? मी प्रत ठेवलेली आहे.”

“कधीची?”

“आज सकाळची. मी रोजच ठेवतो. तेवढंच करायला मला भीती वाटत नाही.”

मी उठलो आणि खुर्ची त्यांना दिली. माझ्या हातांवर त्या क्षणी माझाच विश्वास नव्हता. समितीची मंजुरी नव्हती, पण प्योन साहेब छताकडे बघू लागले, तेव्हा मी ती मंजुरी समजलो. बोंग साहेबांनी एकेका बोटाने टंकलं. यंत्र म्हणालं, ‘किल्ली जागेवर नाही. आज सकाळची प्रत पेटीत आहे. ती आणायची असेल तर परवलीचा शब्द लिहा.’

गुक बाईंना बोलावणं गेलं. त्या हातमोज्यांतून मिठाचं पाणी गाळत आल्या. “सगळ्यांनी तोंडं फिरवा,” म्हणाल्या. समिती भिंतीकडे वळली, महिला मंडळ भिंतीकडे वळलं, म्योंग आजोबाही खुर्चीसकट वळले. मागे टकटक ऐकू आली. मग गुक बाईंनी मोठ्याने वाचलं, “‘शब्द जुळला नाही. काही बिघडलेलं नाही. सावकाश लिहा.’”

पुन्हा टकटक. पुन्हा तेच वाक्य. बाहेर ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता, पण आत कोणी कोणावर ओरडलं नाही.

“हातमोजे काढा, गुक बाई,” माझी बायको भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली.

हातमोजे निघाले. टकटक झाली. मग बोंग साहेबांचा आवाज आला, “‘किल्ली परत जागेवर आली. जुनी सगळी कार्डं चालतील. दाखला एक वर्ष वाढवायचा असेल तर “वर्षभर वाढवा” असं लिहा. याने काहीही पुसलं जाणार नाही.’ लिहू का, सोक साहेब?”

“मला विचारू नका. तिथे लिहिलंय ना?”

“लिहिलंय,” ते म्हणाले, आणि लिहिलं.

फाटक वर गेलं. ट्रक आत आला, त्यामागे चार गाड्या आल्या, आणि लिफ्टमधून चौथ्या मजल्यावरच्या बाई केस विंचरतच बाहेर पडल्या. त्यांना काही घडल्याचं माहीतही नव्हतं.

समितीची बैठक तिथेच अंगणात, कोबीच्या राशीभोवती झाली. प्योन साहेबांनी इतिवृत्त तोंडी सांगितलं, “बिघाड सोक साहेबांनी केला, दुरुस्ती बोंग साहेबांनी केली.” मी दुरुस्ती सुचवायला तोंड उघडलं, पण यात चुकीचं काय आहे ते मला सापडेना. मग त्यांनी विचारलं, “बोंग साहेबांना पुढेही ठेवायचं का? ज्यांना ठेवायचं त्यांनी हात वर करा.” तोवर बायकांचे हात मसाल्यात गेले होते. तिखटाने लालभडक झालेले रबरी हात एकामागून एक वर झाले. मतदानाचा हक्क समितीलाच होता, पण ते सांगायची प्योन साहेबांना हिंमत झाली नाही.

बोंग साहेब मान लववून आत गेले. मला मात्र कोणी आत जाऊ देईना. गुक बाईंनी माझ्याकडे बघून जाहीर केलं, “यांना बटण नसलेलं काम द्या.” बायकोने मला ॲप्रन बांधला आणि कोबीच्या पाना-पानाला मसाला चोळायला बसवलं. “प्रत्येक पानाला लावा,” ती म्हणाली. “आणि विचारल्याशिवाय काही टाकू नका.”

थोड्या वेळाने सगळ्या घरांच्या उघड्या खिडक्यांमधून कर्णे खरखरले. निवेदन सुरू व्हायला हवं होतं, पण शब्द येईना. नुसता कोणीतरी श्वास घेतल्याचा, नाक ओढल्याचा आवाज सगळ्या मजल्यांवरून एकदम येत राहिला. अंगणातले हात थांबले. मग बोंग साहेब घसा खाकरून म्हणाले, “रहिवाशांनो. कोबी आत आला आहे. भांडी घेऊन खाली यावं.”

नेमका तेव्हाच माझा डोळा खाजला आणि मी तो चोळला. तिखटाचा हात होता. पाणी असं धो धो वाहू लागलं की मला समोरचं दिसेना. म्योंग आजोबांनी पाठीवर हात ठेवला, प्योन साहेबांनी स्वतःचा रुमाल दिला, आणि गुक बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, “बघा, किती हळवा माणूस. आपण उगाच बोललो त्याला.” कोणीतरी उकडलेल्या डुकराच्या मांसाचा पहिला तुकडा नव्या किमचीत गुंडाळून माझ्या तोंडात घातला.

फक्त बायकोने माझे हात पाहिले होते. ती गार पाण्याचं भांडं घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवताना कानाशी म्हणाली, “राहू द्या त्यांचा समज तसाच.”